आमच्या छोट्या प्रकल्पाने एआयचा नियम केला, त्याची हकीकत

आमचा प्रकल्प काय करतो ते आधी सांगते, कारण नियमावरची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कोडमध्ये एआय कितपत चालेल यावरची, निम्मी भांडणं तिथूनच उगवली.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी मराठी डीटीपी चालायचं ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएमबरोबर येणारा सुरेख अशा फॉन्टांवर. या फॉन्टांत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसायचाच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या खणात ‘क’चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट मशीनवर आहे तोवर मजकूर मराठी, फॉन्ट गेला की नुसता कचरा. मुंबईतल्या कितीतरी मंडळांच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंक अशा फायलींत अडकून पडलेत. त्यांचं युनिकोड करून देणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा कोड, आम्ही तिघं सांभाळतो. जीपीएल परवान्याखाली (कोड कोणीही वापरावा, बदलावा, पण पुढे वाटताना याच अटींवर), फुकट, सुट्टीच्या दिवशी.

ऐकायला सोपं वाटतं. जुन्या फायलीत पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप केलेली असते आणि अक्षर मागून येतं, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. मध्ये जोडाक्षर आलं की वेलांटी कुठवर सरकवायची याचा वेगळा हिशोब. शिवाय प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, आणि एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतही फरक सापडतो. हे तक्ते म्हणजे आमची खरी पुंजी. ते बनवलेत काकांनी. काका माझे कोणी नातेवाईक नव्हेत. गिरगावातल्या प्रेसमध्ये त्यांची हयात गेली, निवृत्त झाल्यावर वयाच्या साठीत गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली, शिकले. तिसरा आमच्यातला धाकटा, अंधेरीला एका स्टार्टअपमध्ये आहे आणि दिवसभर एआयशीच बोलत कोड लिहितो. मी विक्रोळीला नोकरी करते आणि प्रकल्पात मुख्यतः आलेले पीआर तपासते, म्हणजे पुल रिक्वेस्ट: कोणीतरी सुचवलेला, प्रकल्पात घ्यावा म्हणून पाठवलेला कोडमधला बदल.

पीआर पूर्वी क्वचित यायचे, आला की आनंद व्हायचा. २०२५च्या पावसाळ्यानंतर चित्र बदललं. रोज सकाळी लोकलमध्ये मोबाइल उघडावा तर नवा पीआर. वर्णन लांबलचक, मधे मथळे, हिरव्या टिकल्या, ‘सर्वसमावेशक सुधारणा’ वगैरे भारदस्त इंग्रजी. आत पाहावं तर चालणारं फंक्शन विनाकारण तीन फंक्शनांत फोडलेलं. नंतर कळलं की एका इंजिनिअरिंग कॉलेजात ओपन सोर्समध्ये पीआर पाठवण्याला गुण ठेवले होते आणि भारतीय भाषांच्या रेपोंची, म्हणजे प्रकल्पांच्या कोडसाठ्यांची, यादी मुलांत फिरत होती. हा रोग एआयने आणला असंही नाही म्हणा. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात पीआर पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात, त्या टी-शर्टपायी जगभरच्या प्रकल्पांवर फालतू पीआरचा असा पाऊस पडला होता की आयोजकांना भर ऑक्टोबरात नियम बदलावे लागले, प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच पीआर मोजायचे असं ठरलं. फरक इतकाच की तेव्हाचा कचरा बघताक्षणी कचरा दिसायचा. आताचा इस्त्री करून येतो.

एका पीआरने आम्हाला खडबडून जागं केलं. शीर्षक होतं ‘अदृश्य, अनावश्यक अक्षरं काढून टाकली’. मजकुरात लपलेली शून्य रुंदीची अक्षरं शोधून साफ करणारा नीटस कोड, सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे पाहणाऱ्या चाचण्या, हिरव्या. आता मराठीत ‘दुसर्‍या’, ‘वार्‍यावर’ यांतला अर्धा र आडवा, पापणीसारखा काढतात. तो लिहायच्या युनिकोडमध्ये दोन रीती आहेत. एक नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून. दुसरी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर ठेवून, आणि हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही. तो काढला की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, आचार्‍याला दिलेला पगार आचार्याला जातो. टेस्ट हिरव्या का? कारण त्याच पीआरमध्ये टेस्टमधली अपेक्षित उत्तरंही बदललेली होती. हिंदीला या रकाराची गरज पडत नाही, आणि या साधनांनी देवनागरी खाल्लीय ती बहुतांशी हिंदीतून, असा माझा अंदाज. पाठवणाऱ्याला मी विचारलं, जॉइनर अनावश्यक कसा ठरवलास? उत्तर तीन मिनिटांत आलं: आपल्या चिकित्सक निरीक्षणाबद्दल आभार, आणि पाठोपाठ नऊ मुद्दे. त्या नऊ मुद्द्यांत माझ्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं होतं. मी एआयला प्रश्न विचारत होते आणि एक मनुष्य मध्ये बसून चिठ्ठ्या पोचवत होता.

त्या रविवारी माटुंग्याला उडप्याकडे तिघं बसलो आणि नियम करायचा ठरला.

आधी इतरांनी काय केलंय ते वाचून काढलं. सरळ बंदी घालणारे आहेत. जेंटू लिनक्सच्या कौन्सिलने एप्रिल २०२४मध्ये एआयच्या मदतीने बनवलेलं योगदान घ्यायचं नाही असा ठराव केला, कारणं तीन: प्रताधिकार, दर्जा आणि नैतिकता. पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने असा कोड ‘दूषित’ धरला जाईल, मुख्य चमूच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचा नाही, असं लिहिलं. संगणकात दुसऱ्या संगणकाची नक्कल चालवणाऱ्या क्यूईएमयूने जून २०२५मध्ये दार लावलं, त्यांचं कारण मला सगळ्यांत नेमकं वाटलं. त्यांच्याकडे प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. ही ओळ म्हणजे ‘हे मी लिहिलंय किंवा ते या परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे’ अशी हमी. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती २००४मध्ये आली, आपला कोड लिनक्समध्ये घातला म्हणून एससीओ कंपनीने आदल्या वर्षी आयबीएमवर खटला भरल्यानंतर. प्रत्येक ओळ कुठून आली ते दाखवता यावं, हा हेतू. एआय मॉडेलच्या पोटातून आलेली ओळ मुळात कोणाची, हे सांगता येत नसेल तर ही हमी द्यायची कोणत्या आधारावर? क्यूईएमयूचं म्हणणं, देऊ नका.

दुसरीकडे फेडोरा, तीही लिनक्सचीच एक आवृत्ती. त्यांच्या कौन्सिलने ऑक्टोबर २०२५मध्ये परवानगी दिली, पण जबाबदारी पूर्ण माणसाची, आणि मदत मोठी असेल तर ती जाहीर करायची. कर्नलच्या कागदपत्रांतही आता एआय सहायकांसाठी पान आहे: साधनाचं नाव ‘असिस्टेड-बाय’ अशा ओळीत लिहा, पण ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची सही साधनाने करायची नाही, ती माणूसच करेल. कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधनं) बनवणाऱ्या एलएलव्हीएमनेही माणूस मध्ये असलाच पाहिजे म्हटलं आणि वर एक कलम घातलं जे मी वाचल्या वाचल्या काकांना फोन करून ऐकवलं: नवशिक्यांसाठी राखून ठेवलेली सोपी कामं एआयने सोडवायची नाहीत. ती कामं तातडीची नसतातच, कोणीतरी शिकावं म्हणून ठेवलेली असतात. अनुभवी माणसाला जे पाच मिनिटांचं काम, ते मुद्दाम कोणासाठी तरी शिल्लक ठेवायचं आणि ते यंत्राने पळवायचं, यात कोणाचंच भलं नाही.

आणि कर्ल. तुमच्या फोनपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे असलेलं, इंटरनेटवरून डेटा नेणारं-आणणारं साधन. त्याचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग काही वर्षं खोट्या सुरक्षा-अहवालांनी बेजार होते. २०२५च्या मध्याला त्यांनी लिहिलं होतं की आलेल्या अहवालांपैकी सुमारे २० टक्के एआयचा गाळ आणि खऱ्या त्रुटी जेमतेम ५ टक्के. शेवटी जानेवारी २०२६अखेर त्यांनी त्रुटी कळवणाऱ्यांना पैसे देणारी बक्षीस योजनाच बंद केली. पण त्याच कर्लमध्ये २०२५च्या सप्टेंबरात एका संशोधकाने एआय साधनं लावून शोधलेल्या त्रुटींची यादी आली आणि त्यातून ढीगभर खरे दोष दुरुस्त झाले, याचंही स्टेनबर्ग यांनी मोकळेपणाने कौतुक केलं. साधन एकाच जातीचं. एकाने आलेलं स्वतः चाळून पाहिलं, बाकीच्यांनी चाळायचं काम कर्लवाल्यांवर ढकललं.

आमची भांडणं इथून सुरू झाली. काका बंदीच्या बाजूने. “अगं, प्रूफ न वाचता छापायला पाठवणाऱ्याला आम्ही मशीनजवळ उभं करत नसू,” हे त्यांचं म्हणणं. धाकटा म्हणाला, बंदी घातलीत तर मीच पहिला बाहेर, आणि लोक वापरतील ते वापरतीलच, फक्त सांगायचे थांबतील. त्यात तथ्य होतं. एआयने लिहिलेला कोड खात्रीने ओळखेल असं काहीही अस्तित्वात नाही, आणि नुसत्या वासावरून कोणावर आळ घ्यायचा तर निरपराध माणूस आधी सापडतो. तो असंही म्हणाला की याने काम दुप्पट वेगाने होतं. त्यावर मी त्याला मेटर या संस्थेचा जुलै २०२५चा प्रयोग दाखवला: मुरलेले १६ ओपन सोर्स प्रोग्रामर, २४६ कामं, एआय वापरल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगवान झालो असं वाटत राहिलं. “ताई, ती २०२५च्या सुरुवातीची साधनं, आणि ते लोक आपल्या रेपोचा कोपरा न् कोपरा ओळखणारे होते,” तो म्हणाला. मुद्दा रास्त होता. आकडेवारीने हा वाद मिटणार नव्हता.

प्रताधिकारावर मी थोडी डोकेफोड केली. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५च्या अहवालात म्हटलंय की नुसती सूचना देऊन यंत्राने काढलेल्या मजकुरावर माणसाचा हक्क बसत नाही. आपल्याकडे १९५७च्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक व्याख्या घातलीय: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. चॅटबॉट कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हाचं हे वाक्य. आमचा परवाना जीपीएल, तो उभा राहतो प्रताधिकारावरच. कोडच्या एखाद्या भागावर कोणाचाच हक्क नसेल तर त्या भागापुरता परवाना पोकळ. त्यावर काका इतकंच म्हणाले की ज्यांच्या स्मरणिका आपण सोडवतोय ती मंडळं आपल्यावर खटला भरणार नाहीत. हा प्रश्न आम्ही मोठ्यांवर सोपवून पुढे गेलो.

नियमाला खरं वळण दिलं ते एका मुलाच्या पीआरने. दिव्याला राहणारा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वर्णन तेच, गुळगुळीत, भारदस्त. धाकटा बंद करायला निघाला होता. मी म्हटलं थांब, आणि मराठीतच प्रश्न टाकला: वेलांटी ‘स्त्रि’पाशी अडकते ती तू कशी सोडवलीस? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मराठीत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पुढे पुढे जात जोपर्यंत हलन्त सापडतोय तोवर उडी मारायची, मग थांबायचं, हे त्याने स्वतःच्या नावातलं जोडाक्षर घेऊन समजावलं होतं. खाली एक ओळ: ‘ताई कोड माझाच आहे, इंग्रजी तेवढं त्याच्याकडून घेतलं, माझं इंग्रजी बघून लोक रिप्लाय देत नाहीत.’

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं असं नाही, पण एवढं लख्ख दिसलं नव्हतं. मराठीच्या लायब्ररीत, मराठी मेंटेनरांना, मराठी मुलगा यंत्राकडून इंग्रजी उसनं घेऊन लिहितो आणि आम्ही त्या उसन्या इंग्रजीवरून त्याचा कोड जोखतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही साधनं जवळची वाटतात ती पहिल्यांदा कोडसाठी नव्हे, या दारातून आत शिरता यावं म्हणून. मोठ्या प्रकल्पांच्या नियमांत भाषांतराला सहसा सूट असते. आम्ही पुढे जाऊन भाषांतराची गरजच काढून टाकली.

शेवटी नियम झाला तो अर्ध्या पानाचा. त्यात मध्यावर हे कलम आहे: काय बदललं आणि का, ते स्वतःच्या शब्दांत मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, मोडकंतोडकं चालेल, यंत्राकडून लिहून घेतलेलं चालणार नाही. रिव्ह्यूतल्या प्रश्नांची उत्तरंही तशीच. एआय वापरला असेल तर साधनाचं नाव ‘असिस्टेड-बाय’ ओळीत. एखादी ओळ पुरी करून घेतली एवढ्यासाठी नोंद नको. सही माणसाची. सोप्या कामांवर ‘शिकणाऱ्यांसाठी’ असं लेबल, तिथे एआय नाही. टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं असेल तर पुरावा जोडायचा.

आणि काकांचं कलम, ज्यावर त्यांनी कोणालाच बोलू दिलं नाही: फॉन्टच्या तक्त्यात कुठल्या खणात कुठलं अक्षर, ती प्रत्येक ओळ छापील पानावरून किंवा मूळ फाइलवरून ताडलेली हवी आणि ते पान जोडायला हवं. याचं कारण त्यांनी प्रयोग करून दाखवलं. एका आडबाजूच्या फॉन्टचा तक्ता त्यांनी चॅटबॉटकडे मागितला. क्षणात पूर्ण तक्ता आला, एकही खण रिकामा नाही. साधी अक्षरं बरीचशी बरोबर आणि ‘द्ध’, ‘ह्य’, ‘क्त’ असली जोडाक्षरं चक्क कल्पनेतली. कोड चुकला तर कधीतरी आपटतो आणि कळतं. तक्ता चुकला तर कोणाच्या तरी आजोबांच्या आठवणींत ‘बुद्ध’च्या जागी भलतंच काही छापून येतं आणि तपासायला मूळ प्रत उरलेली नसते. बाकी सगळीकडे मी धाकट्याच्या बाजूला झुकले होते, इथे मी पूर्ण काकांची.

नियम लागू झाल्यावर आवाज झाला तो पहिल्या आठवड्यांतच. गुणांसाठी आलेल्या बहुतेकांनी नियम वाचून पीआर स्वतःच मागे घेतले. एकाने रागाने लिहिलं की तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात. तेही मराठीत लिहिलं होतं, म्हणजे नियमात बसत होतं. मी पीआर बंद करताना ‘एआयचा दिसतो’ असं कधी लिहीत नाही, ‘अमुक प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही’ एवढंच लिहिते. त्यावर वाद घालता येत नाही, उत्तर देता येतं. दिलं की पीआर पुन्हा उघडायचा. तसे दोघं-तिघं परत आले.

मला गंमत वाटली ती काकांची. बंदी मागणारे हेच गृहस्थ आता रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारी चिन्हांची सूत्रं, एआयकडून लिहून घेतात, कारण “ती चिन्हं बघून माझे डोळे जातात”. पण दर वेळी इमानाने ‘असिस्टेड-बाय’ लिहितात, आणि खाली ती एक्स्प्रेशन काय पकडते व काय सोडते ते चार ओळींत मराठीत. धाकट्याच्या कमिटमध्ये ती नोंद विसरलेली सापडली की रात्री अकरालाही मेसेज करतात: अरे, सही कुणाची?

कटकट संपली म्हणावं तर तसंही नाही. अलीकडे असे पीआर येतात ज्यांच्यामागे मनुष्यच नाही. एआय एजंट आपला आपण इश्यू, म्हणजे नोंदवलेली अडचण, निवडतो, कोड लिहितो, पाठवतो, नकार मिळाला की नम्रपणे दुसरा पाठवतो. ते आम्ही न वाचता बंद करतो, सही करणारा कोणी नाही म्हणून. अवघड प्रकरण वेगळं आहे. नाशिकच्या एका मुलीने आजोबांच्या छापखान्यातल्या फॉन्टचा तक्ता पाठवला. एआयकडून स्कॅन आणि मूळ फाइल यांची जुळणी करून घेतलेली, नोंद व्यवस्थित, प्रत्येक ओळीला पान जोडलेलं. सगळं नियमात. पण ओळी शेकड्यांनी, आणि ते ताडून बघू शकणारा माणूस आमच्याकडे एकच. काकांनी ते काम पूर्ण केलं, मोजक्या शंका काढल्या, तिने प्रत्येकीला उत्तर दिलं, तक्ता मर्ज झाला, म्हणजे प्रकल्पात घेतला गेला. त्यात काकांचा महिना गेला आणि बाकीचे पीआर तुंबून राहिले.

म्हणून धाकट्याने आता सुचवलंय की नव्या माणसाचा एका वेळी एकच पीआर उघडा राहील आणि तक्ता पाठवायचा तर एका खेपेला पन्नासपेक्षा जास्त ओळी नकोत. मी याच्या बाजूने आहे. काका विरोधात आहेत, त्यांना अख्खा फॉन्ट एकदम समोर हवा असतो, तुकड्यांत पाहिला की आवृत्तीतला फरक निसटतो म्हणतात. येत्या रविवारी पुन्हा माटुंग्याला बसणार आहोत. तोवर नियमाच्या खाली ‘बदल विचाराधीन’ अशी ओळ आहे आणि तक्ते पाठवणाऱ्यांना आम्ही थोडं थांबायला सांगितलंय.